वितरित कॅश-स्मृती

वितरित कॅश-स्मृती : वारंवार लागणाऱ्या माहितीच्या प्रती मूळ साठ्याहून वेगळ्या, जलद व मागणाऱ्यास जवळ असलेल्या अनेक संगणकांवर विभागून ठेवण्याच्या व्यवस्थेस वितरित कॅश-स्मृती म्हणतात. ‘कॅश’ हा शब्द ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. रानावनातून प्रवास करणारे लोक पुढील उपयोगासाठी वाटेत शिधा दडवून ठेवीत, त्या साठ्यास हे नाव होते. रोख पैसा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा उच्चार जुळतो. अर्थाचा मात्र काही संबंध नाही. संगणकशास्त्रात हा शब्द १९६८ मध्ये रूढ झाला, तो एकाच यंत्रातील लहान व जलद स्मृतीसाठी. पुढे इंटरनेटचा विस्तार झाल्यावर हेच तत्त्व शेकडो, हजारो संगणकांवर पसरलेल्या साठ्यांना लागू करण्यात आले.

तत्त्व : एखादी माहिती मूळ ठिकाणाहून आणण्यास वेळ लागतो आणि प्रत्येक मागणीबरोबर मूळ ठिकाणच्या यंत्रावर भार पडतो. मागण्या सर्व माहितीला सारख्या नसतात. थोड्या माहितीला पुष्कळ मागणी आणि पुष्कळ माहितीला थोडी मागणी, असे बहुधा आढळते. म्हणून ज्यास मागणी अधिक, तेवढ्याच भागाची प्रत जवळ ठेवली, तरी बहुतेक मागण्या तेथेच भागतात. एका संगणकाची स्मृती व वेग अपुरा पडू लागला की साठा अनेक संगणकांत विभागला जातो. असे करताना तीन प्रश्न उभे राहतात : (१) कोणती माहिती कोणत्या संगणकावर आहे, हे शोधाशोध न करता कसे कळावे? (२) साठ्यातील एखादा संगणक बंद पडला किंवा नवा जोडला, तर सर्व मांडणी विस्कटू नये म्हणून काय करावे? (३) मूळ माहिती बदलली असता पसरलेल्या प्रती शिळ्या होतात, त्यांचे काय करावे? वितरित कॅश-स्मृतीचा इतिहास हा प्रामुख्याने या तीन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

साठा विभागून मागणीच्या जवळ ठेवण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तिची दोन उदाहरणे सापडतात. चांद्याच्या गोंड राजवटीत व त्यानंतर पूर्व विदर्भात गावोगावी भातशेतीसाठी तलाव बांधले गेले. मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली व हे तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एका मोठ्या धरणाऐवजी असंख्य लहान तलाव असल्याने पाणी शेताजवळ राही आणि एखाद्या तलावाची पाळ फुटली, तरी शेजारच्या गावचे पाणी शाबूत असे. दुसरे उदाहरण धान्याचे आहे. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांत पावसापूर्वीच धान्य पोहोचवून ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाच्या १९९५ च्या नवसंजीवन योजनेत आहे. मागणी येण्याआधीच साठा भरून ठेवण्याची ही रीत संगणकाच्या जाळ्यांतही वापरली जाते. अर्थात हे साम्य मर्यादित आहे. पाणी व धान्य वापरल्याने संपते. माहितीची प्रत कितीही वेळा दिली, तरी संपत नाही. उलट तलावातील पाणी दूरच्या नदीत काही घडले म्हणून चुकीचे ठरत नाही. माहितीची प्रत मात्र मूळ नोंद बदलताच चुकीची ठरते. वरीलपैकी तिसरा प्रश्न त्यामुळेच माहितीच्या बाबतीत विशेष बिकट होतो.

पूर्वपीठिका : १९६० नंतरच्या दशकात संगणकाच्या गणन करणाऱ्या भागाचा वेग मुख्य स्मृतीच्या वेगापेक्षा झपाट्याने वाढला. केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका दोनपानी लेखात मुख्य स्मृतीच्या पुढे एक लहान, जलद ‘दास-स्मृती’ ठेवावी, असे सुचविले. आय.बी.एम. कंपनीच्या सिस्टिम/३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या प्रतिमानात ही कल्पना व्यापारी यंत्रात उतरली. त्याचे वर्णन करणाऱ्या १९६८ च्या लेखांत ‘जलद मध्यवर्ती साठा’ या लांबलचक नावाऐवजी नियतकालिकाच्या संपादकाने ‘कॅश’ हा सुटसुटीत शब्द सुचविला व तोच पुढे जगभर रूढ झाला. [⟶ संगणक].

अनेक यंत्रांवर पसरलेल्या कॅशचे पहिले मोठे उदाहरण इंटरनेटवरील नामव्यवस्था हे होय. प्रारंभी जाळ्यातील सर्व संगणकांची नावे व पत्ते यांची एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि प्रत्येक ठिकाणचा संगणक तिची प्रत उतरवून घेई. संगणकांची संख्या वाढताच ही यादी वाढली, तिच्यातील बदलही वाढले आणि एका ठिकाणाहून वाटप करणे अशक्य होऊ लागले. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या नव्या व्यवस्थेत यादीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी सोपविले गेले. विचारलेल्या नावाचे उत्तर वाटेतील सर्व्हर स्वतःपाशी काही काळ ठेवू लागले. हे उत्तर किती सेकंद ग्राह्य धरावे, हे मूळ ठिकाणच ठरवून देते. ती मुदत संपली की प्रत टाकून द्यावयाची व पुन्हा विचारावयाचे. शिळ्या प्रतींच्या प्रश्नाचे हे सर्वांत सोपे उत्तर असून ते आजही सर्वत्र वापरात आहे.

गर्दीचा प्रश्न : जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेले वर्ल्ड वाइड वेब १९९१ पासून सर्वांस उपलब्ध झाले. काही वर्षांतच लोकप्रिय पृष्ठांवर इतकी गर्दी होऊ लागली की ती ठेवणारी यंत्रे कोलमडू लागली. १९९४ मध्ये सर्नच्या प्रतिनिधी-सर्व्हरमध्ये (मागणाऱ्याच्या वतीने पृष्ठ आणून देणाऱ्या संगणकात) कॅशची सोय झाली. एका विद्यापीठातील पहिल्या विद्यार्थ्याने मागविलेले पृष्ठ दुसऱ्यास तेथूनच मिळू लागले. याच सुमारास अमेरिकेतील हार्वेस्ट प्रकल्पात अशा अनेक कॅश एकमेकांस जोडून त्यांची उतरंड रचण्यात आली व त्यातूनच १९९६ मध्ये स्क्विड ही मुक्त आज्ञावली निघाली. या रचनेत एका सर्व्हरपाशी पृष्ठ नसल्यास तो शेजाऱ्यांना विचारी. शेजाऱ्यांपाशी नसल्यास वरच्या पायरीकडे जाई. शेजारी थोडे असताना हे ठीक चाले. ते वाढले की विचारपूस करण्यातच जाळ्याचा बराचसा वेळ खर्च होई आणि एकाच पृष्ठाच्या प्रती सर्वांपाशी साठून एकूण जागाही वाया जाई.

शेजाऱ्यांना विचारण्याऐवजी गणिताने ठिकाण ठरविणे, हा त्यावरील उपाय होता. प्रत्येक माहितीच्या नावावरून ठरावीक रीतीने एक संख्या काढता येते. या रीतीस हॅश फलन म्हणतात. चार सर्व्हर असतील, तर त्या संख्येस ४ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून सर्व्हर ठरविता येतो. कोणीही, कोठेही हे गणित केले, तरी उत्तर एकच येते. म्हणून शोधाशोध संपते. तथापि या रीतीत एक गंभीर दोष आहे. १ ते १०० क्रमांकांच्या नोंदी चार सर्व्हरांवर अशा वाटल्या आणि पाचवा सर्व्हर जोडला, तर ४ ऐवजी ५ ने भागावे लागते. दोन्ही भागाकारांत बाकी सारखीच राहील असे क्रमांक शंभरांत केवळ २० आहेत. उरलेल्या ८० नोंदींचे ठिकाण बदलते. म्हणजे भार हलका करण्यासाठी नवा सर्व्हर जोडावा, तर त्याच क्षणी बहुतेक सर्व साठा निरुपयोगी होतो आणि सगळ्या मागण्या एकदम मूळ ठिकाणी जाऊन आदळतात. एखादा सर्व्हर बंद पडला, तरी हेच घडते.

सुसंगत हॅशिंग : या अडचणीची दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी निघाली. मिशिगन विद्यापीठातील डेव्हिड थेलर व चिन्या रविशंकर यांनी १९९६ मध्ये सुचविलेल्या रीतीत प्रत्येक माहितीसाठी प्रत्येक सर्व्हरचा एक गुणांक काढला जातो व ज्याचा गुणांक सर्वाधिक, त्याकडे ती माहिती जाते. तो सर्व्हर नाहीसा झाल्यास दुसऱ्या क्रमांकाचा सर्व्हर त्याची जागा घेतो. इतर माहितीचे स्थान बदलत नाही. दुसरे उत्तर मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत निघाले. वेबवरील भावी गर्दीचा प्रश्न बर्नर्स-ली यांनी तेथील सहकाऱ्यांपुढे १९९५ मध्ये मांडला होता. डेव्हिड कार्गर, एरिक लेमन, टॉम लेटन, रीना पाणिग्रही, मॅथ्यू लेव्हीन व डॅनियल लेविन यांनी त्यावर लिहिलेला निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी या रीतीस ‘सुसंगत हॅशिंग’ असे नाव दिले. या दोन्ही गटांत मुंबईतील पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा एकेक पदवीधर होता – पहिल्यात रविशंकर व दुसऱ्यात पाणिग्रही.

सुसंगत हॅशिंगची कल्पना सोपी आहे. हॅश फलनाने मिळणाऱ्या सर्व संख्या एका वर्तुळावर क्रमाने मांडल्या आहेत, असे समजावे. सर्व्हरांच्या नावांवरूनही संख्या काढून त्यांना त्याच वर्तुळावर जागा द्याव्यात. कोणत्याही माहितीची जागा वर्तुळावर शोधून तेथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढे गेल्यावर जो पहिला सर्व्हर भेटेल, त्याकडे ती माहिती असते. एखादा सर्व्हर बंद पडला, तर केवळ त्याच्याकडील माहिती पुढच्या सर्व्हरकडे जाते. नवा आला, तर तो फक्त आपल्या मागच्या कंसातील माहिती घेतो. वरील उदाहरणात १०० पैकी ८० ऐवजी सरासरी २० नोंदीच हलतात. बंद पडलेल्या सर्व्हरचा सगळा भार एकाच शेजाऱ्यावर पडू नये, म्हणून प्रत्येक सर्व्हरला वर्तुळावर एक न देता अनेक विखुरलेल्या जागा दिल्या जातात. मोठी यंत्रे असतील, तर त्यांना अधिक जागा देऊन अधिक भार सोपविता येतो.

या संशोधनाच्या आधारे लेटन व लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी स्थापन केली. निरनिराळ्या सेवादारांच्या केंद्रांत आपले सर्व्हर ठेवून ग्राहकांची पृष्ठे व चित्रे वाचकाच्या जवळून देणे, हा तिचा व्यवसाय होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवर झालेल्या हल्ल्यात अपहृत विमानांपैकी पहिल्या विमानात लेविन होते व त्यात त्यांचा अंत झाला. त्या दिवशी वृत्तसंस्थांच्या संकेतस्थळांवर अभूतपूर्व गर्दी लोटली. ज्या प्रश्नावर त्यांनी काम केले होते, त्याची व्याप्ती त्याच दिवशी सर्वांच्या लक्षात आली.

सर्व्हरांमागील कॅश : पृष्ठे सर्वांना सारखीच असतात, तोवर त्यांच्या प्रती वाचकाजवळ ठेवणे सोपे असते. २००० नंतर प्रत्येक सभासदास वेगळे पृष्ठ दाखविणारी स्थळे आली. असे एक पृष्ठ जुळविण्यासाठी मूळ माहितीसाठ्यास अनेक प्रश्न विचारावे लागतात. लाइव्हजर्नल या दैनंदिनी-स्थळासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये मेमकॅशेडी ही आज्ञावली लिहिली. तिने अनेक संगणकांतील रिकामी पडलेली स्मृती एकत्र करून तिचा एकच मोठा कॅश म्हणून उपयोग केला. हे सर्व्हर एकमेकांशी बोलतच नाहीत. कोणती नोंद कोणाकडे आहे, हे विचारणारी आज्ञावलीच हॅशने ठरविते. या साधेपणामुळेच तिचा प्रसार झाला. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार त्यांच्या व्यवस्थेत तेव्हा दर सेकंदास अब्जावधी मागण्या पुरविल्या जात व साठविलेल्या नोंदींची संख्या लक्ष कोटींच्या घरात होती. इटलीतील साल्वातोरे सानफिलिप्पो यांची रेडिस ही आज्ञावली २००९ मध्ये आली. तिच्या २०१५ मधील आवृत्तीत सर्व नोंदी १६,३८४ कप्प्यांत विभागून ते कप्पे सर्व्हरांत वाटण्याची सोय झाली. ॲमेझॉन कंपनीने २००७ मध्ये वर्णन केलेल्या डायनॅमो या साठ्यात सुसंगत हॅशिंगचा उपयोग केवळ प्रतींसाठी नव्हे, तर मूळ माहिती ठेवण्यासाठीही करण्यात आला.

भारतातील विकास : भारतात विस्तृत जाळ्यावर माहिती विभागून ठेवण्याचे प्रारंभीचे प्रयत्न शासकीय होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० नंतरच्या दशकात उपग्रहाच्या साहाय्याने ‘निकनेट’ हे जाळे उभारून जिल्ह्यांची मुख्यालये जोडली. दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे मोठे संगणक बसविण्यात आले. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाले. त्यानंतर मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथे स्वतंत्र केंद्रे झाली. प्रत्येक केंद्रात आपापल्या भागातील गाड्यांची माहिती असे व दुसऱ्या केंद्रातील गाडीचे तिकीट तेथून मिळत नसे. ही पाचही केंद्रे जोडण्याचे काम एप्रिल १९९९ मध्ये पूर्ण झाले. हे विभाजन मूळ माहितीचे होते, प्रतींचे नव्हे. तथापि भार वाटून घेण्याचा हेतू तोच होता.

घरबसल्या तिकीट काढण्याची सोय ऑगस्ट २००२ मध्ये आली आणि काही वर्षांतच तत्काळ आरक्षणाच्या वेळी लक्षावधी लोक एकाच मिनिटाला एकच प्रश्न विचारू लागले. २८ एप्रिल २०१४ रोजी सुरू झालेल्या नव्या व्यवस्थेत जेमफायर या वितरित स्मृतिसाठ्याचा उपयोग करण्यात आला आणि तिकिटे देण्याची क्षमता मिनिटाला २,००० वरून ७,२०० पर्यंत नेण्यात आली. या उदाहरणात एक महत्त्वाचा भेद दिसतो. गाड्यांच्या वेळा, थांबे यांसारखी माहिती प्रतीवरून देण्यास हरकत नसते. शेवटची रिकामी जागा कोणाला द्यावयाची, हे मात्र मूळ नोंदीवरूनच ठरवावे लागते. नाहीतर एकच जागा दोघांस दिली जाईल. परीक्षेच्या निकालाची गोष्ट याच्या उलट आहे. दहावी-बारावीचा निकाल जाहीर झाल्यावर त्या दिवशी तो बदलत नाही आणि लक्षावधी विद्यार्थी एकाच वेळी तो पाहतात. म्हणून तो अनेक संकेतस्थळांवर एकदमच ठेवणे सोपे व सोईचे असते. कॅशचा लाभ माहितीच्या मोठेपणावर नव्हे, तर ती किती वेळा वाचली जाते व किती वेळा बदलते, या प्रमाणावर अवलंबून असतो.

सार्वजनिक इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. त्यानंतरच्या काळात समुद्राखालील तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागल्या व मुंबई हे देशाच्या जाळ्याचे महाद्वार बनले. देशातील दोन सेवादारांमधील माहिती परदेशी फेरा घालून येऊ नये, यासाठी २००३ मध्ये भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्राची स्थापना झाली. त्यानंतर जागतिक कंपन्यांचे कॅश-सर्व्हर भारतीय सेवादारांच्या केंद्रांत येऊ लागले. मुंबईतील स्टार इंडिया कंपनीने २०१५ मध्ये सुरू केलेल्या हॉटस्टार या सेवेवर १० जुलै २०१९ रोजी भारत-न्यूझीलंड क्रिकेट सामना एकाच वेळी २ कोटी ५३ लक्ष प्रेक्षक पाहत होते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी हा आकडा ५ कोटी ९० लक्षांवर गेला. चित्रफितीचे लहान तुकडे करून ते ठिकठिकाणच्या कॅशमधून दिल्याशिवाय असे प्रक्षेपण कोणत्याही एका केंद्रातून शक्य नव्हते.

चंद्रपूर व गडचिरोली : साठा कोठे ठेवावा, या प्रश्नाचे सामाजिक अंग या दोन जिल्ह्यांत स्पष्ट दिसते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ म्हणजे दर चौ. किमी.स सुमारे ७४ होती. जिल्ह्याचा बहुतेक भाग वनाच्छादित आहे. दक्षिणेकडील भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की आलापल्लीकडील रस्ता बंद होऊन तालुका उर्वरित जिल्ह्यापासून तुटल्याचे अनेक पावसाळ्यांत घडले आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची केंद्र शासनाची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली गेली. नक्षलग्रस्त भागांत मोबाइल मनोरे उभारण्याचा २०१४ मध्ये मंजूर झालेला कार्यक्रम महाराष्ट्रासही लागू होता. तंतू पोहोचत नाही तेथे सूक्ष्मतरंग किंवा उपग्रह यांचा आधार घ्यावा लागतो.

अंतराचा परिणाम आकड्यांनी सांगता येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लक्ष किमी. जातो, म्हणून सुमारे १,००० किमी. लांबीच्या मार्गाने मुंबईहून उत्तर येण्यास जाऊन-येऊन किमान एक शतांश सेकंद लागतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असल्याने त्यामार्गे प्रश्न व उत्तर यांस मिळून सुमारे अर्धा सेकंद लागतो. एक पृष्ठ उघडण्यासाठी अशा अनेक फेऱ्या होतात व त्यांचा विलंब साचत जातो. शिवाय उपग्रह-दुव्याची वहनक्षमता अल्प असते. एकच चित्रफीत वीस जणांनी मागितली, तर ती वीस वेळा आणावी लागते. गावाजवळ कॅश असेल, तर ती एकदाच येते. म्हणजे कॅशची गरज दुवा जितका अरुंद, तितकी अधिक.

प्रत्यक्षात कॅशची वाटणी या गरजेनुसार होत नाही. मोठ्या कंपन्या आपले कॅश-सर्व्हर सेवादारांस विनामूल्य देतात. परंतु त्यासाठी ठरावीक प्रमाणाहून अधिक वाहतूक असावी, अशी त्यांची अट असते. दाट वस्तीच्या शहरांत ती सहज पुरी होते, विरळ वस्तीच्या वनभागात होत नाही. त्यामुळे ज्यांचा दुवा आधीच रुंद व जवळचा आहे, त्यांच्याच शेजारी साठाही येतो. मालगुजारी तलाव गावाच्या शेतीसाठी गावात बांधला जाई. माहितीचा साठा मात्र बाजारपेठेच्या मापाने बांधला जातो. नेटफ्लिक्स कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या कॅश-जाळ्यात कमी वर्दळीच्या वेळी साठा आधीच भरून ठेवण्याची पद्धत आहे. पावसापूर्वी धान्य भरण्याशी तिचे साम्य आहे. हीच पद्धत शालेय चित्रफिती, आरोग्यविषयक माहिती व शासकीय अर्जांचे नमुने यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी वापरण्यास तांत्रिक अडचण नाही. ही माहिती क्वचित बदलते व अनेकांना सारखीच लागते. ओळख पटविणे, पैसे देणे किंवा शिधापत्रिकेची नोंद तपासणे या गोष्टी मात्र कॅशने भागत नाहीत. त्यांसाठी मूळ नोंदीपर्यंत जाणारा दुवाच लागतो.

दोष व मर्यादा : शिळ्या प्रतींसाठी तीन उपाय योजले जातात : मुदत घालून देणे, मूळ नोंद बदलताच प्रती रद्द करण्याचा निरोप धाडणे आणि प्रत्येक बदल मूळ ठिकाण व कॅश या दोन्हींत एकदमच लिहिणे. यांपैकी कोणताही पूर्ण निर्दोष नाही. मुदत लहान ठेवली, तर भार वाढतो. मोठी ठेवली, तर जुनी माहिती दिली जाते. निरोप वाटेत हरवू शकतो. जाळे तुटून दोन भाग झाले असता सर्व प्रती एकसारख्या ठेवणे व प्रत्येक मागणीस उत्तर देणे ही दोन्ही एकाच वेळी साधता येत नाहीत. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेले हे अनुमान २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी सिद्ध केले. दुवा वारंवार तुटणाऱ्या भागात हा केवळ तात्त्विक मुद्दा राहत नाही. तेथे यंत्राने ‘उत्तर नाही’ म्हणावे की कालचे उत्तर द्यावे, याची निवड कोणीतरी आधीच करून ठेवावी लागते. पावसाच्या अंदाजासाठी कालचे उत्तर काही प्रमाणात उपयोगी पडते. लाभार्थ्यांच्या यादीत आज नव्याने नाव चढलेल्या कुटुंबास मात्र त्याच कालच्या उत्तरामुळे रिकाम्या हाताने परतावे लागते.

दुसरा दोष लोंढ्याचा आहे. मागणी असलेली नोंद कॅशमधून नाहीशी होताच शेकडो सर्व्हर एकदमच मूळ साठ्याकडे धाव घेतात. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडले. तेथे चुकीची ठरलेली एक नोंद दुरुस्त करण्यासाठी सर्व यंत्रे मूळ साठ्यास पुन्हा पुन्हा विचारू लागली होती. नंतरच्या व्यवस्थांत एकाच सर्व्हरला नोंद आणण्याचा परवाना देऊन इतरांना थांबविले जाते. तिसरा दोष केंद्रीकरणाचा आहे. प्रती सर्वत्र पसरल्या, तरी त्या चालविणाऱ्या कंपन्या थोड्याच आहेत. ८ जून २०२१ रोजी फास्टली या एकाच कंपनीतील बिघाडाने ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळासह जगातील अनेक मोठी वृत्तस्थळे सुमारे तासभर बंद पडली. यंत्रे विभागल्याने व्यवस्था आपोआप विभागली जात नाही, हे यावरून दिसून आले.

वितरित कॅश-स्मृतीच्या इतिहासात पहिल्या दोन प्रश्नांची, म्हणजे माहिती कोठे आहे व सर्व्हर बदलल्यास काय करावे यांची, समाधानकारक उत्तरे १९९६-९७ मध्ये मिळाली व ती आजही पुरेशी ठरली आहेत. तिसऱ्या प्रश्नास एकच उत्तर नाही. माहितीचे स्वरूप पाहून प्रत्येक ठिकाणी वेगळी तडजोड करावी लागते. सर्व्हर प्रत्यक्ष कोठे ठेवावेत, हा प्रश्न मात्र गणिताच्या कक्षेबाहेरचा आहे. तो खर्च, वस्ती आणि सार्वजनिक धोरण यांवर अवलंबून आहे. विरळ वस्तीच्या वनप्रदेशात त्याचे उत्तर बाजारपेठेकडून येण्याची शक्यता कमी असल्याने तेथे शासन, ग्रामपंचायती व शिक्षणसंस्था यांनीच आवश्यक माहितीचे स्थानिक साठे उभारणे व ते ताजे ठेवणे गरजेचे ठरते.